पाळीव प्राण्यांच्या खाद्यातील भेसळ : एक दुर्लक्षिलेला इशारा

(पशुपालक, प्राणिप्रेमी व पशुवैद्यक यांच्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)

घरच्या कुत्र्याला उरलेली भाकरी दुधात कुस्करून घालावी, मांजरापुढे माशाचे डोके टाकावे, ही आपल्याकडील जुनी रीत. त्या रीतीत प्राण्याला जे मिळे ते घरच्या ताटातूनच मिळे. माणसाने जे खाल्ले तेच थोड्याफार फरकाने त्याच्याही वाट्याला येई. गेल्या काही दशकांत शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, ही रीत मागे पडत चालली आहे. डबाबंद मांस, पिशवीतील रस्सेदार तुकडे, कोरडे दाणेदार खाद्य दुकानांतून मांडलेले दिसते आणि प्रथिने किती, स्निग्ध पदार्थ किती याचे आकडेही वर छापलेले असतात. हे खाद्य सोयीचे आहे. चांगल्या कारखान्यात तयार झालेले असेल तर ते घरच्या शिळ्यापाक्यापेक्षा पुष्कळदा सरसही ठरते. तेव्हा त्यावर सरसकट बहिष्कार घालावा, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्या छापील आकड्याचा. तो आकडा कसा निघतो आणि काय लपवू शकतो, हे २००७ साली अमेरिका व कॅनडा या देशांत घडलेल्या एका प्रकरणाने जगापुढे आणले.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मुख्य कचेरी असलेली मेन्यू फूड्स नावाची कंपनी कुत्र्यामांजरांचे रस्सेदार खाद्य तयार करीत असे. तिचे कारखाने अमेरिकेतील कॅन्सस आणि न्यू जर्सी राज्यांतही होते. एकाच कारखान्यातून निघालेला माल निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या नावांनी बाजारात जाई. स्वस्त मालही तोच आणि महागड्या चिठ्ठीखालचा पुष्कळसा मालही तोच. २००७ च्या २० फेब्रुवारीला कंपनीकडे पहिली तक्रार आली : खाद्य खाल्ल्यानंतर मांजराची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस, खाद्याची चव पाहण्याच्या नेहमीच्या चाचणीसाठी ठेवलेल्या प्राण्यांना हे खाद्य देण्यात आले, तेव्हा त्यांतील काही मांजरे दगावली. इतके झाल्यावरही माल परत बोलावण्याची घोषणा व्हायला १६ मार्च उजाडला. पहिल्या तक्रारीपासून त्या घोषणेपर्यंत २४ दिवस गेले आणि तेवढे दिवस घरोघरी डबे उघडले जात राहिले. परत बोलावलेल्या डब्यांची व पिशव्यांची संख्या सुमारे ६ कोटी होती. पुढे इतर उत्पादकांनाही आपला माल मागे घ्यावा लागला.

प्राण्यांची लक्षणे जवळपास सारखीच होती. प्राणी खाणे सोडतो, एका कोपऱ्यात पडून राहतो, वारंवार उलटी करतो, पाणी फार पितो आणि शेवटी लघवी बंद होते. मांजरांना हा त्रास अधिक झाला. पशुवैद्यांपुढे येणारी मांजरे वयाने तरुण आणि आदल्या आठवड्यापर्यंत धडधाकट होती. अशा प्राण्याची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडावीत याचा उलगडा होत नव्हता. २३ मार्चला न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेतून जाहीर झाले की, खाद्यात अमिनोप्टेरिन हे द्रव्य सापडले आहे. हे द्रव्य काही देशांत उंदीर मारण्यासाठी वापरले गेले होते, आणि साऱ्या वृत्तपत्रांनी ‘उंदराचे विष’ असे मथळे दिले. तो शोध पुढे टिकला नाही. इतर प्रयोगशाळांना ते द्रव्य खाद्यात सापडलेच नाही. ३० मार्चला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जे नाव सांगितले ते ऐकून तज्ज्ञही बुचकळ्यात पडले. ते नाव होते मेलामाइन.

मेलामाइन आपल्या परिचयाचे आहे. त्यापासून केलेल्या न फुटणाऱ्या रंगीत ताटल्या व बश्या अनेक घरांत आहेत. फॉर्माल्डिहाइडशी संयोग करून त्याचे कठीण राळेसारखे प्लॅस्टिक बनते. हा पदार्थ अन्नच नव्हे. मग तो कुत्र्यामांजरांच्या ताटात आला कोठून? रस्सा दाट व्हावा आणि मांसाचे तुकडे एकसंध राहावेत म्हणून खाद्यात गव्हाचे ग्लूटेन घातले जाई. कुरडया करताना गृहिणी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढतात, तो स्टार्च. ग्लूटेन म्हणजे गव्हातील दुसरा, चिवट भाग. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिले तर शेवटी हातात रबरासारखे जे उरते तेच ते, आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण मोठे असते. या खाद्यातील ग्लूटेन चीनमधील एका पुरवठादाराकडून अमेरिकेतील एका आयातदारामार्फत आले होते. तपासाअंती असे आढळले की, पोत्यावर ग्लूटेन असे लिहिले असले तरी आत साधे गव्हाचे पीठ होते आणि त्यात मेलामाइन मिसळलेले होते. तांदळापासून काढलेल्या प्रथिनाच्या नावाने आलेल्या दुसऱ्या एका मालातही हाच प्रकार उघडकीस आला.

पिठात कोणी प्लॅस्टिकचे रसायन का मिसळावे? याचे उत्तर गुन्हेगाराच्या मनात शोधण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या टेबलावर शोधावे लागते. १८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने धान्यातील प्रथिने मोजण्याची एक सोपी रीत शोधून काढली. कार्ल्सबर्ग हा बिअरचा कारखाना. सातूमध्ये प्रथिन किती हे कळणे ही तेथील रोजची गरज होती. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातील नत्राचे अमोनियात रूपांतर करून ते मोजायचे आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते, म्हणून हा गुणक. गव्हासाठी तो ५.७ धरतात. रीत स्वस्त, खात्रीची आणि कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत करता येण्यासारखी. शंभराहून अधिक वर्षे जगभर दूध, धान्य, पेंड, पशुखाद्य यांचा भाव तिच्यावर ठरत आला आहे. पशुखाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो नत्रावरून काढलेला अंदाज असतो. ‘क्रूड’ हा शब्द तेथे उगाच आलेला नाही.

या रीतीत प्रथिन मोजलेच जात नाही, नत्र मोजले जाते. ते नत्र डाळीतून आले, मांसातून आले की रसायनाच्या पोत्यातून आले, हे तिला ओळखता येत नाही. मेलामाइनच्या वजनात सुमारे ६७ टक्के नत्र असते. म्हणजे एक किलो मेलामाइन पिठात मिसळले तर चाचणीत ते जवळजवळ चार किलो प्रथिन म्हणून नोंदले जाते. युरियात नत्र ४६ टक्के, हे कोणताही शेतकरी सांगेल. दुधात युरिया मिसळणारा भामटा याच हिशेबाचा फायदा घेत असतो. फरक एवढाच की, गायीम्हशीच्या कोठीपोटातील जंतू मर्यादित युरियापासून खरोखरच प्रथिन तयार करू शकतात, म्हणून जनावरांच्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया शास्त्राला मान्य आहे. कुत्र्यामांजरांच्या पोटात अशी सोय नाही आणि मेलामाइन तर त्यांच्या काहीच उपयोगाचे नाही. ज्याने पिठाला ग्लूटेनचा भाव मिळवून दिला त्याला रसायनशास्त्र चांगले कळत होते. तपासणी काय विचारते हे त्याने ओळखले होते आणि तेवढेच उत्तर तयार ठेवले होते.

तरीही एक कोडे उरले होते. मेलामाइन एकटे घेतले तर त्याची विषारी शक्ती फारशी नाही, असे पूर्वीच्या प्रयोगांवरून मानले जाई. मग इतकी जनावरे का मेली? त्याचे उत्तर मेलेल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडांत दिसलेल्या स्फटिकांनी दिले. अशुद्ध मालात मेलामाइनसोबत सायन्युरिक आम्ल नावाचे त्याच जातकुळीचे दुसरे द्रव्य होते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात मांजराच्या लघवीत ही दोन्ही द्रव्ये एकत्र केली, तेव्हा पाहता पाहता स्फटिक तयार झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी प्रयोगाअंती दाखवून दिले की, एकेकटे दिले असता मांजराच्या मूत्रपिंडांना इजा न करणारी ही द्रव्ये एकत्र दिली की सूक्ष्म नलिकांत न विरघळणारे स्फटिक साचवतात आणि मूत्रपिंड बंद पाडतात. एकेक द्रव्य स्वतंत्रपणे तपासून ‘अपाय नाही’ असा निर्वाळा देणाऱ्या पद्धतीला हा मोठाच धडा होता.

या प्रकरणात किती प्राणी मेले? तक्रारी हजारोंनी आल्या; अधिकृतरीत्या खात्री पटलेले मृत्यू मात्र अगदी मोजके राहिले. माणसांच्या रोगांची राष्ट्रीय नोंद ठेवणारी यंत्रणा त्या देशात होती, पाळीव प्राण्यांसाठी तशी काहीच नव्हती. घराच्या मागच्या अंगणात पुरलेल्या मांजराचे शवविच्छेदन कोण करणार? आयातदार कंपनी आणि तिच्या मालकांवर खटला झाला. त्यांनी २००९ साली गुन्हा कबूल केला आणि पुढील वर्षी त्यांना दंड व परिवीक्षा अशी शिक्षा झाली. प्राण्यांच्या मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड मान्य करण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने कुत्रे ही मालमत्ताच, त्यामुळे भरपाई मुख्यतः खर्चाची होती. ज्या घरातील मूल त्या कुत्र्याच्या पाठीवर हात टाकून झोपत असे त्या घराचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहावे, याची तजवीज न्यायालयाजवळ नव्हती.

त्याच वसंत ऋतूत आणखी एक गोष्ट बाहेर आली. कारखान्यात उरलेले, सांडलेले किंवा फाटक्या पिशव्यांतील पाळीव प्राण्यांचे खाद्य फेकून देण्याची पद्धत नव्हती. ते डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात मिसळण्यासाठी विकले जाई. त्या वाटेने मेलामाइन सुमारे ६,००० डुकरांपर्यंत आणि २५ ते ३० लाख कोंबड्यांपर्यंत पोहोचले होते, आणि त्यांतील बऱ्याच कोंबड्या लोकांनी खाल्ल्यादेखील होत्या. तज्ज्ञांनी हिशेब करून माणसाला धोका अत्यंत कमी असल्याचे सांगितले आणि ते खरे होते. प्रमाण फार विरळ झाले होते. पण मांजराचे ताट आणि माणसाचे ताट यांच्यामध्ये भिंत नाही, एवढे त्यावरून दिसून आले.

पुढच्याच वर्षी त्याची प्रचीती फार दारुण रीतीने आली. सप्टेंबर २००८ मध्ये चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन असल्याचे उघड झाले. पाणी घालून पातळ केलेले दूध तपासणीत उतरावे म्हणून दूध गोळा करणाऱ्यांनी ते मिसळले होते. रीत तीच, हिशेबही तोच. सुमारे २ लाख ९४ हजार बालके आजारी पडली, त्यांच्या मूत्रमार्गात खडे झाले आणि अधिकृत आकड्यांनुसार ६ बालके मृत्यू पावली. त्या प्रकरणातील दोघांना नोव्हेंबर २००९ मध्ये फाशीची शिक्षा देण्यात आली. भारत सरकारने सप्टेंबर २००८ मध्येच चीनमधून दूध व दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी घातली आणि ती पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. पण कुत्र्यामांजरांनी हा इशारा दीड वर्ष आधी दिला होता. २००७ मध्येच रसायनाचे नाव, त्याचा हेतू आणि फसणारी चाचणी ही तिन्ही जाहीर झाली होती. जो कोणी दुधाचा भाव केल्डालच्या रीतीने ठरवत होता त्याच्या हाती ही माहिती होती. फक्त ती ‘मांजराच्या खाद्याची बातमी’ म्हणून वाचली गेली.

असा इशारा आपल्या शेजारीही एकदा मिळालेला आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत काविळीची एक विचित्र साथ आली. पोटात पाणी होऊन माणसे मरू लागली. १०६ मृत्यूंची नोंद झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासात कारण निघाले ते भिजून बुरशी आलेल्या मक्याचे. त्यावरील अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा घात करणारे विष तयार केले होते. आणि तेथील घरांतून माणसांच्या जोडीने त्यांच्या कुत्र्यांनाही हाच रोग झाला होता. तीच भाकर, तेच विष. हे विष जगाला कळले तेही प्राण्यांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी कशाने मेले याचा शोध घेताना त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला होता.

कारखानदारी खाद्यातही हे विष पुन्हा पुन्हा सापडले आहे. अमेरिकेतच २००५ च्या अखेरीस शंभरावर कुत्री त्याने मेली, आणि डिसेंबर २०२० पासून सुरू झालेल्या दुसऱ्या प्रकरणात जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून अधिक कुत्री मेल्याची नोंद झाली. दोन्ही वेळी संशय मक्यावरच गेला. कुत्र्याचे यकृत या विषाला विशेष हळवे असते. खाद्य भाजल्याने वा शिजवल्याने विष जात नाही.

महाराष्ट्रातील पशुपालकाने या ठिकाणी थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात ओल धरलेली सरकी पेंड, भुईमुगाची पेंड, मका ही या बुरशीची आवडती जागा. जनावराने अशी पेंड खाल्ली की पोटातील विषाचा काही अंश, नाव आणि रूप थोडे बदलून, एक-दोन दिवसांतच दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. दूषित खाद्य बंद केल्यावर मात्र थोड्याच दिवसांत दूध स्वच्छ होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा अधिक होते. पाणी व साखर मिसळणाऱ्या गवळ्याविषयी जितके बोलले जाते त्याच्या शतांशानेही या पेंडीविषयी बोलले जात नाही.

कायद्याची रचनाही या दुर्लक्षाला हातभार लावते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘अन्न’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यातून पशुखाद्य वगळलेले आहे. माणसाच्या बिस्किटाचा नमुना घेणाऱ्या निरीक्षकाला कुत्र्याच्या बिस्किटाचा नमुना घेण्याचा अधिकार त्या कायद्याखाली मिळत नाही. दुधाळ जनावरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत आणि त्यांत अफ्लाटॉक्सिनची मर्यादाही आहे. ज्याच्याकडून दूध वा मांस मिळत नाही अशा प्राण्याच्या खाद्याकडे मात्र यंत्रणेची नजर शेवटी वळते. पण २००७ नंतर या क्रमवारीचे समर्थन करणे कठीण आहे.

दुसरा एक धोका थोडक्यात सांगितला पाहिजे. २००६ ते २००८ या काळात अमेरिकेत कुत्र्यांच्या कोरड्या खाद्यातील साल्मोनेला जंतूंमुळे ७० हून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांत तान्ह्या मुलांचा भरणा मोठा होता. ज्या घरांत प्राण्याला स्वयंपाकघरातच जेवू घालतात तेथे हा त्रास अधिक आढळला. तेव्हा प्राण्याचे भांडे ओट्यापासून दूर ठेवावे, ते वेगळे घासावे, आणि रांगणारे मूल त्या भांड्याशी जाणार नाही इकडे लक्ष द्यावे.

खाद्य घेताना सुटे, पोत्यातून तोलून दिलेले घेण्याचा मोह टाळलेला बरा. सुट्या खाद्याला ना उत्पादनाची तारीख असते ना घाणा क्रमांक, आणि उद्या काही झालेच तर कोणता माल परत बोलवायचा हे कोणालाच सांगता येत नाही. पिशवी फोडल्यावर ती कोरड्या जागी तोंड बांधून ठेवावी. पावसाळ्यात महिनाभर पुरेल असा मोठा साठा करू नये. खाद्य डब्यात ओतले तरी मूळ पिशवी, निदान तिचा छापील भाग, खाद्य संपेपर्यंत जपावा. रोजचे खाद्य प्राण्याने एकाएकी नाकारले तर त्याला लाडावलेला म्हणून रागे भरू नये. २००७ मध्ये अनेक मांजरांनी आधी तोंड फिरवले होते आणि मालकांनी चुचकारून त्यांना खाऊ घातले होते. उलट्या, मलूलपणा, डोळ्यांत व हिरड्यांवर पिवळेपणा, पाणी फार पिणे वा लघवी बंद होणे, यांपैकी काही दिसताच खाद्य बंद करून पशुवैद्यकाकडे जावे आणि जाताना खाद्याचा नमुना व पिशवी बरोबर न्यावी. एकाच दुकानातून खाद्य घेतलेले दोन प्राणी आठवड्याभरात सारख्याच लक्षणांनी आजारी आले, तर पशुवैद्यकानेही ते जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कानावर घालावे. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. मृत प्राण्याचे अवयव व खाद्य योग्य रीतीने पाठवले तर तपासाला दिशा मिळू शकते.

अशा नमुन्यांचा उपयोग किती उशिरापर्यंत होतो याचे उदाहरण आशियातच आहे. २००४ साली आशियातील काही देशांत कुत्री व मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली होती आणि त्या वेळी दोष बुरशीच्या विषावर टाकून प्रकरण मिटले होते. पण मेलेल्या काही प्राण्यांच्या मूत्रपिंडांचे तुकडे तेथील पशुवैद्यांनी जपून ठेवले होते. २००७ मध्ये ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात आले, तेव्हा त्यांत तेच स्फटिक दिसले आणि तपासणीत मेलामाइन व सायन्युरिक आम्ल ही दोन्ही द्रव्ये सापडली.